रकाना सात

पहाटे साडेपाचला बुटीबोरीच्या चौकात
गळ्यात 'वाहतूक सर्वेक्षण' अशी पाटी अडकवून
मी उभी होते, साठ कोरे फॉर्म घेऊन.
डिसेंबर. पेन चालेना,
ते काखेत धरून ऊब दिली, मग चाललं.

कुठून आलात. कुठे चाललात. कशानं.
किती वेळ, किती भाडं, महिन्याची कमाई किती
(यावर सगळे आधी माझ्या चपलांकडे बघत,
मग आकडा सांगत).
आणि रकाना सात:
उद्या इथून मेट्रो सुरू झाली, तर बसाल का?

सूतगिरणीतले मारोती भोंगाडे म्हणाले,
"बसन ना, काऊन नाही बसणार.
पण थे कवा येईन, थे हाये का तुमच्या कागदात?"
नव्हतं.

गणवीरबाई, पॅकिंगला जाणाऱ्या,
सहा जणांच्या ऑटोत अकराव्या,
एक पाय बाहेर ठेवूनच बोलल्या:
जायचे चाळीस, यायचे चाळीस,
ओव्हरटाइम लागला तर साठ.
"अंधाराचे वीस वेगळे घेते थो."
रकान्यात एकच भाडं मावत होतं.
मी चाळीस लिहिलं.

सदरच्या तिसऱ्या मजल्यावर
ही माणसं आधी 'दैनंदिन प्रवासी' झाली,
मग 'दर तासाला, दर दिशेला',
मग एक निळी रेघ,
दोन हजार एक्केचाळीसपर्यंत न थकता चढणारी.
त्या साली भोंगाडे चौऱ्याहत्तरचे असतील.
रेघेत ते अजून पहिल्या पाळीला निघतात.

मग पैसा.
केंद्राचे वीस टक्के, राज्याचे वीस,
पालिकेचा हिस्सा जमिनीच्या रूपात;
ती जमीन पालिकेची आहे का,
यावरच तीन बैठका झाल्या.
उरलेलं कर्ज, परदेशी बँकेचं.
बँकेचे साहेब आले,
सावजीचा रस्सा बोटानं चाखला, पाणी मागितलं,
आणि परताव्याचा दर विचारला.

दर होता सात पूर्णांक सहा.
हवा होता आठ.

देवपुजारी सर रात्रभर मार्गाशी झटले.
भाडं वाढवलं, तर माणसं गळाली.
भाडं उतरवलं, तर दर गळाला.
सरकते जिने काढले, छपरं आखूड केली,
पार्किंगमध्ये दुकानं बसवली.
पहाटे त्यांनी टोकाचं स्टेशन खोडलं:
पिपरडोह.
अडीच किलोमीटर, नाल्यावरचा एक पूल.
आठ पूर्णांक शून्य एक.
सर नुसते बसून राहिले, चष्मा हातात.
मग कुणीतरी तर्रीपोहे मागवले.
मीही खाल्ले. चांगले होते.

पिपरडोहच्याच गणवीरबाई.
त्या सकाळी त्यांची मुलगी धावत आली होती,
प्रणोती, आईचा विसरलेला डबा घेऊन.
ऑटो निघून गेला होता.
मी सवयीनं विचारलं, कुठे चाललीस?
"कुठीच नाही."
मेडिकलजवळ नर्सिंगचा क्लास लागला होता,
सहाला सुटायचा.
गावाची शेवटची बस पाच चाळीसची.
दोन महिने गेली,
मग अंधाराच्या विसांचा हिशेब घरात बसेना.

प्रशिक्षणात बजावलं होतं:
जो प्रवास करत नाही, त्याचा फॉर्म भरू नये.
मागणी म्हणजे जे हलतं ते.
थांबलेलं माणूस मोजायचं नसतं.

गेल्या महिन्यात जनसुनावणी झाली.
अहवालाचे तीन खंड टेबलावर, भिंतीवर नकाशा,
निळी रेघ गावाच्या अलीकडे अडीच किलोमीटर संपलेली.
नकाशासमोर एक म्हातारा बराच वेळ उभा होता,
रेघेच्या टोकावर बोट टेकवून,
जणू पुढचं पुसलं असेल तर खरडून निघेल.
येताना फाट्यावर फलक पाहिला:
'मेट्रोपासून पाच मिनिटं. मोजकेच प्लॉट शिल्लक.'
त्याला परताव्याचा दर कुणी विचारला नव्हता.

मला साठ फॉर्म दिले होते. जमा केले एकोणसाठ.
एक 'खराब झाला' म्हणून लिहून दिलं.

तो माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्या घातलेला.
कुठून: कोरं. कुठे: कोरं. कशानं: कोरं.
डबा काखेत धरून, माझं पेन मागून,
तिनं फक्त खालचा रकाना भरला,
हो,
आणि पेन परत देताना विचारलं,
"इथी सही लागते का?"