रिक्ता

वैशाखात अकरा, जेठात सात,
मार्गशीर्षात यंदा चारच.
पाडव्याच्या दुपारी नानाजी धर्माधिकारी
नवं पंचांग गुडघ्यावर उघडून सांगत
आणि मी लाल शाईनं उतरवून घेई
बाबांच्या वहीत.
वहीवर नाव : बोबडे बिछायत केंद्र, आर्णी रोड.
गंज, कढया, कनाती, सतरंज्या, दोनशे खुर्च्या,
आणि नवरदेवाची एक, सिंहाचे हात असलेली,
डाव्या सिंहाचा कान तुटलेला.

सातवीतच मला ठाऊक होतं
गुरू मावळला की आमच्या घरी तेलाचा डबा येत नाही.
शुक्र उगवेपर्यंत दादाची फी थांबायची.
भद्रा म्हणजे मला वाटे कुणी बाई असावी,
उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली,
जिच्यापायी सामानाचा ट्रॅक्टर
साडेनऊपर्यंत हलायचा नाही.

आखिदीला एकाच दिवशी पाच मांडव.
कूलर इकडे, त्याचं स्टँड तिकडे.
सिद्धार्थनगरातले लोक वही पाहून हसत,
म्हणत, भाऊ, आम्हाले रविवार द्या,
चंद्र कुठं हाय ते तुम्ही पाहा.
बाबांना ते गिऱ्हाईक सगळ्यात आवडे.
रविवार मावळत नाही, म्हणायचे.

मग माझं ठरलं. मुलगा दिग्रसचा, वायरमन.
नानाजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं,
चष्मा कपाळावर सरकवला :
वैशाख शुद्ध दशमी. अशी तिथी तीन वर्षांत नाही.
मी वही उघडली.
दशमीवर माझंच अक्षर.
काळपांडे, जवळा. मांडव मोठा. इसार पाचशे.
त्रयोदशीला गावंडे, दोन ठिकाणी.
तिसरी पाहिली, चौथी पाहिली,
सगळीकडे तेच वळणदार अक्षर,
शाळेत बक्षीस मिळालेलं.

आई म्हणाली, पाचशे वापस करा ना.
इसार घेतला हाय वं, बाबा म्हणाले,
आणि बराच वेळ सिंहाचा कान
चिकटवत बसले.

शेवटी नानाजीच बोलले, हळू, दाराकडे पाहून,
की गोरजाला तेवढं पाहत नाहीत.
वद्य नवमी. मंगळवार.
पंचांगात नवमीला रिक्ता म्हणतात,
वहीतही ती रिकामीच होती.

त्या दिवशी पंचक्रोशीत दुसरं लग्न नव्हतं.
बँडवाले आले, वाजवायला नाही, जेवायला,
आणि मग वाजवलंच.
घोडीवाला आला, फोटोवाला आला,
दारव्ह्याचा आचारी शंकरपुरी आला,
उन्हाळाभर दुसऱ्यांना वाढणारा,
पत्रावळीपुढं मांडी घालून म्हणाला,
भाजीत मीठ कमी हाय.
गुरं परतत होती, धुळीत अंतरपाट दिसेना,
तेवढ्यात लाईट गेली
आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेवच उठला
फ्यूज पाहायला.
दोनशेच्या दोनशे खुर्च्या
आमच्या होत्या.

मी निघाले तेव्हा बाबा सतरंज्या मोजत होते.
एक कमी भरली. पुन्हा मोजल्या.
गाडी वळेपर्यंत मान वर केली नाही.

परवा पाडव्याला फोन लावला.
वैशाखात यंदा नऊच, म्हणाले,
वही आता दादाची पोरगी लिहिते, अक्षर बरं हाय.
आणि ती सतरंजी?
नाही ना सापडली, म्हणाले,
कोण नेली कोण जाणे.
मी तिच्यावरच बसले होते.
आईनं रुखवताखाली घालून दिलेली,
कोपऱ्यात निळ्या रंगानं : बोबडे, क्र. ४१.