चार बोटं

निजवाच्या बाजारात शुक्रवारी
बकऱ्यांचा लिलाव उरकला, लेंड्या झाडून झाल्या
की बंदुकांची वेळ होते.
सुवैलिमच्या गाळ्यात लेथ माझ्या हाती.
इचलकरंजीला मी मागाचे दांडे कातायचो,
इथे गज काततो, चापाच्या खिळी काततो,
हॉटेलांच्या भिंतींवर टांगायच्या म्हाताऱ्या बंदुकांना
दात बसवून देतो.

ती आली तेव्हा उन्हानं गल्ली रिकामी केली होती.
रय्या बिंत मुहन्ना, डोंगरावरच्या गावची.
खांद्यावर तोड्याची बंदूक,
तिच्याहून वीतभर उंच.
इथे हिला वातीचा बाप म्हणतात.
जामगी हा शब्द मी चौथीच्या इतिहासानंतर
कधी तोंडातून काढला नव्हता.
तो आपसूक आला, मराठीतच, कुणासाठीच नाही.

"हिचं तोंड बसलंय," ती म्हणाली. "साफ करून दे."

सुवैलिमनं नळीत गज सोडला,
आत गेला तिथे अंगठा धरला,
बाहेर काढून नळीवर आडवा लावला.
कानापर्यंत पोचायला चार बोटं कमी.

त्यानं पंखा बंद केला. मग चहाचा स्टोव्ह.
मला म्हणाला, विडी विझव.
मी विडी ओढत नव्हतो,
तरी ओठ मिटले.

भरलेली होती.

आजोबा वर्षाला सात बार उडवायचे, रय्या सांगू लागली,
जणू कुणी रेशनचा हिशेब सांगावा. सातच.
शिसं कोळ्यांच्या जाळ्यातलं,
शोरा गोठ्याच्या मातीतून खरवडलेला,
कोळसा रुईचा.
पाच बारांत पाच रानबोकड पडले
तर वाळलेल्या मांसावर हिवाळा निघायचा.
चुकले तर खजूर,
मग खजुराच्या बिया, दळून.
एक बार लांडग्यासाठी राखलेला.
एक माणसासाठी.
"कुठल्या माणसासाठी?"
"जो येईल त्याच्या."
गावच्या बुरुजावर अजून खड्डे आहेत म्हणाली,
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

मी पितळेचा मळसूत्री आकडा कातून दिला.
आधी खजुराच्या काथ्याचा बोळा निघाला.
मग निळीनं रंगवलेली चिंधी;
तिनं सुवैलिमची बोटं निळी केली, इतक्या वर्षांनी.
मग गोळी.
तिच्यावर दातांच्या खुणा.
सुवैलिमनं ती उजेडात फिरवली.
घाई असली की माणूस गोळी दातात धरतो,
हात दारू ओतत असतात.
म्हणजे ही बोकडासाठी नव्हती.

"मग कोण आलं होतं?"
रय्यानं ओढणी सारखी केली.
"आला तो जेवून गेला. आजी एवढंच सांगायची.
ताटात काय वाढलं ते सांगायची.
नाव नाही."

गाळ्याच्या मागे दगडावर
चिमूटभर दारू ठेवून काडी लावली.
मला वाटलं, विझेल.
आयटीआयला दोनदा नापास झालो तेव्हा
बाप मला फुसका बार म्हणायचा, गल्लीत, सगळ्यांदेखत.
शंभर वर्षं अंधारात बसलेली ती काळी चिमूट
पेटली नाही,
उभी राहिली.
माझ्या भुवयांचा वास दुपारभर येत होता.

गोळी तिनं पदराच्या गाठीत बांधली.
पैसे दोनदा मोजले.
मग म्हणाली, "आता भर."
सुवैलिम हसला. कागद रिकाम्या बंदुकीचा असतो, माय,
पोलिस विचारतील.
"दारू नको. गोळी नको," ती म्हणाली.
"चिंधी तेवढी ठास. होती तिथे."

मी ठासली.
गज सोडला, अंगठा धरला, बाहेर मोजलं.
एक बोट कमी.
तिनं माझ्या हातातून गज घेतला
आणि स्वतः मोजलं.