साडेपंचवीस दिवस

मे अखेर. जळगावच्या एमआयडीसीत दीडला वीज गेली
की माग गप्प होतात,
आणि पलीकडच्या दाल मिलमधून
तुरीच्या फोलाचा वास माझ्या टेबलापर्यंत येतो.
चटईच्या कारखान्यात मी पगार वाटते.
हातात देत नाही, कागदावर:
कुणाची मजुरी कुठल्या खात्याच्या अंगावर.

हिलाल सपकाळे, फिटर.
हजेरी साडेपंचवीस. रजा अर्धी, बिनपगारी.
मागशाळेला पंचावन्न टक्के,
दाणा प्लांटला तीस, पंधरा पॅकिंगला.

लगेच फोन.
मागशाळेचे बऱ्हाटे: "पंचावन्न? अहो, एक बेअरिंग बदललं त्याने,
वर चहा आमचाच प्याला."
फिरके म्हणतात, "आमच्याकडे तो दिसतो फार, असतो कमी."
पॅकिंगच्या अत्तरदे मॅडम बोलत नाहीत.
कागद परत येतो, पंधरावर लाल गोल.
आणि रोज माग अडला, पट्टा तुटला,
की हेच तिघं दारात येऊन ओरडतात,
हिलाल कुठंय, आधी इकडे.

शेवटी वही घेऊन त्याच्याकडेच गेले.
धरणगावहून पॅसेंजरने येणारा माणूस,
नखांत ग्रीस, बोलणं अहिराणी.
कुठे किती तास, सांगा अंदाजे.
बोटांची पेरं मोजली त्याने:
मागांवर चार, दाण्याला दोन, पॅकिंगला एक.
सात झाले, म्हटलं. आठवा?
"आठवा चालामाच जास, ताई."

दोन नंबर शेडपासून दाणा प्लांटपर्यंत
पत्रा नाही, झाड नाही.
पंचेचाळीस अंशांत डोक्यावर ओला रुमाल,
खांद्याला पान्यांची पिशवी,
पोचेपर्यंत रुमाल कोरडा.
माझ्याकडे चहाला कोड आहे, झाडूला आहे,
साहेबांच्या नाशिकच्या फेरीला तर दोन आहेत.
या रस्त्याला नाही.

बऱ्हाटे म्हणाले, गेला तो दाण्याकडे, चालणं त्यांचं.
फिरके म्हणाले, निघाला तर तुमच्याकडून.
आखाजीला लेक माहेरी आणायची
तर गाडीभाडं कुणी द्यायचं,
त्यावरून दोन व्याही भांडावेत तसे
दोघं माझ्या टेबलाशी.
(ती अर्धी रजा त्याचीच होती,
चोपड्याहून लेकीला आणायला गेला होता.
तेवढ्या अर्ध्या दिवसावर मात्र
एकाही खात्याची तक्रार नाही.)

माझा पगार वरखर्चात बसतो.
सगळ्या चटयांवर थोडा थोडा,
शेवभाजीवरच्या तर्रीसारखा;
कुणाच्या वाटीत किती आली, कुणी बघत नाही.
म्हणून त्याचा आठवा तास मी तिथे सोडला.
बावीस हजार चारशेचा आठवा हिस्सा,
अठ्ठावीसशे. उरलेले सात भाग तिघांत.
बेरीज जुळली. पुढच्या महिन्यात
ऑडिटवाला विचारील, हे काय.
काय सांगायचं, अजून ठरलं नाही.

खिडकीतून बघते तर तो निम्म्या वाटेवर.
तेवढ्यात वीज आली,
तिन्ही शेडमधून एकदम खडखडाट.
उन्हात थांबला,
रुमाल एका हाताने धरून,
पहिली हाक कुठून येते ते ऐकत.