दुधाची सायकल

पहिली घेतली ती दुधासाठी.
ऐरोली, सेक्टर आठ ते नाका, सात मिनिटं.
पेट्रोल वाचेल, गुडघे धरणार नाहीत.

दुसरी, तिच्या सुट्या भागांसाठी.
हे मी खरंच मानत होतो.

मग कळव्याच्या भंगारात एक हंबर,
दांडीचे ब्रेक, चेनकव्हरवर कुणी
खिळ्यानं कोरलेलं : द. रा. म्हात्रे.
तीन रविवार रॉकेलनं गंज काढला,
त्या नावाला फडका लावला नाही.

आता गॅलरीत सहा.
सातवीचं हँडल वॉशिंग मशीनवर.
हवा एकीतही नाही.

आज मृदुला म्हणाली, दूध संपलंय.
पिशवी घेतली,
सहाही घंट्यांवरून बोट फिरवलं
आणि खाली येऊन रिक्षाला हात केला.

सुटे आहेत का, त्यानं विचारलं.
म्हटलं, घरात नुसते सुटेच आहेत.