पावाचं टोक

दवाखान्यातून घरी आलो तो मंगळवार.
मलखाझने काखेत हात घालून दोन मजले चढवलं,
नाझिब्रोलाने दार उघडलं.
सगळं जागच्या जागी:
चष्म्याची डबी, भिंतीवरचा तापमापक,
बाल्कनीतल्या दोरीवर माझाच सदरा, उलटा.
सगळं जागच्या जागी
आणि सगळं एका श्रुतीने उतरलेलं.

चाळीस वर्षं मी कुताइसीतले पियानो जुळवले.
उतरलेलं मला कळतं.
या वेळी कळेना ते एवढंच
की तार कुठली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं:
महिनाभर जिना नाही, मीठ नाही, घाई नाही.
घाई मी कधी केली?
साडेपाचला उठायचं. नळ सोडून
पाणी गार होईतो थांबायचं.
दाढी डाव्या गालापासून.
कुलूप लावून खाली उतरलो की पुन्हा वर,
ओढून बघायला.
मग रिओनीच्या काठाकाठानं तरिएलच्या भट्टीवर,
जिथे तो अर्धा आत वाकून
तापल्या भिंतीवरून पाव सोडवत असतो.
एक शोती. होडीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती,
वर्तमानपत्रात गुंडाळून बगलेत.
आणि पुलावर, तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी,
एक टोक मोडून तोंडात:
करपट, खरपूस, जीभ पोळणारं.

एकेचाळीस वर्षं नाझिब्रोला दारातच विचारते,
"टोक कुणी खाल्लं?"
एकेचाळीस वर्षं मी सांगतो, "उंदरानं."

कुणी मला विचारलं असतं, अम्ब्रोसी, तू कोण,
तर मी कानाबद्दल बोललो असतो,
वडलांबद्दल,
वीज नसलेल्या त्या हिवाळ्यांबद्दल
जेव्हा मेणबत्ती दातांत धरून तारा बदलल्या.
(दातांत नव्हती धरली. पण मी तसंच सांगतो.)
पावाचं नावही निघालं नसतं.
अंगवळणी पडलेलं
अंगालाच ठाऊक असतं, तोंडाला नाही.

आता पाव मलखाझ आणतो.
भला पोरगा. अख्खा आणतो.
टेबलावर तो दोन्ही टोकांनिशी पडून असतो
आणि मी समोर,
चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखा.
एकदा सुरीने टोक कापून पाहिलं.
गार. चिवट.
दवाखान्यात नर्सने उजव्या गालापासून दाढी केली होती,
तेव्हापासून चेहराही नीट बसत नव्हता.
दिवसभर नुसतं चुकल्याचुकल्यासारखं.
"दुखतंय का कुठे?" नाझिब्रोला विचारायची.
दुखत असतं तर सांगता आलं असतं.

नवव्या सकाळी मलखाझची गाडी बंद पडली.
तिने रुमाल बांधला, निघाली.
मी खिडकीशी. तिचं कुलूप ओढून बघणं ऐकू आलं,
मी आत असताना.

परतली. कागद सोडला.
टोक नव्हतं.
हनुवटीवर करपलेला एक कण.

मी काही म्हणायच्या आत
ती बुटाची नाडी सोडत, माझ्याकडे न बघता:
"तू तिकडे होतास ते अकरा दिवस मीच जात होते.
पहिल्या दिवशी अख्खा पाव घरी आला.
मला तो कापवेना.
दुसऱ्या दिवसापासून मग पुलावर…"
नाडीची गाठ सुटेना.
"कुठल्या बाजूचं मोडतोस, ते ठाऊक नव्हतं.
कधी हे मोडलं, कधी ते."

"जास्त करपलेलं," मी म्हणालो.
मलाही तेव्हाच कळलं.

पावाला हात लावला. अजून ऊन.
आणि माझ्या तोंडून, थेट तिच्या दारातल्या आवाजात:
"टोक कुणी खाल्लं?"

गाठ सुटली.
"उंदरानं," नाझिब्रोला म्हणाली.
सूर जरासा चढा लागला तिचा.
मी दुरुस्त केला नाही.