पोटाखालच्या पायऱ्या

या. ताडपत्री मीच काढतो. आत खारी राहतात,
त्यांना आधी सांगावं लागते.
हिंगण्याच्या या शेडमध्ये सहा वर्षं झाली.
झिरो माइलच्या गावात समुद्रावरची बोट!
लोक हसले. हसू द्या. आपल्याला
दोन्ही समुद्र सारखेच लांब,
म्हणून कोणाशीच भांडण नाही.

लाल रंग नंतर पाहा. आधी वाका.
पोटाखाली आडव्या दोन पायऱ्या आहेत,
चढायच्या नव्हेत. तिथून हवा शिरते,
बोट अन् पाण्याच्या मधात पातळ चादर अंथरते,
आणि पंचेचाळीसच्या पुढे ही पाण्यावर टेकतच नाही,
नुसती शिवत जाते,
उधार मागायला आलेल्या सोयऱ्यासारखी, उंबऱ्यावरच उभी.
म्हणून वेग.
म्हणूनच पकड कमी.
विकणारा अर्धंच सांगते. मलाही अर्धंच सांगितलं होतं.

रुपयाचं नाणं आहे? ठोका,
मागच्या फळीवर, जिथं इंजिन टांगलंय.
टण. टण. टण. आता डाव्या बोल्टजवळ.
बद्द.
ऐकलं ना? उतरलेल्या टरबुजासारखं.
पाणी मुरलंय, तळहाताएवढं.
कापून भरायला चाळीस हजार धरा,
मी किमतीतून आधीच काढलेत.
मीटरवर दोनशे बारा तास दिसतात.
त्यातली चौदा मिनिटं माझी नाहीत.

खिंडसी. जानेवारी. धुकं नुकतंच उठलेलं,
रामटेकचा डोंगर पाण्यात उलटा.
काठावर फकिरा नान्हे जाळं निवडून राहिला होता.
म्हणाला, "भाऊ, दोरी मनगटाले बांधा."
मी म्हटलं, बापा, तेवीस वर्षं रेडिएटर खोलून राहिलो,
तू मला इंजिन शिकवतो?
लाल दोरी, स्प्रिंगसारखी,
जिथल्या तिथं लोंबत राहिली.

मग वळण. साधंच.
नाक खाली दाबलेलं होतं,
वेग तसाच,
अन् अर्ध्यात घाबरून थ्रॉटल एकदम सोडला.
तीन चुका, श्वास एक.
मागची बाजू पुढे आली,
ओल्या फरशीवर साबणाची वडी जाते तशी.
मी हवेत. माझी एक चप्पल वेगळ्या हवेत.

डोकं वर काढलं तर ती चालूच होती.
आत कोणी नाही, अन् गोल फिरून राहिली
माझ्याभोवती, घाण्याच्या बैलासारखी.
पण बैल थकतो.
हिच्या टाकीत अर्धं पेट्रोल.

फकिरा डोंग्यात उभा होता. जवळ आला नाही.
शहाणा माणूस.
फेऱ्या पाहिल्या त्यानं, बराच वेळ,
बाजारात म्हैस पाहतात तशा,
मग जाळं फेकलं,
माझ्यावर नाही, तिच्या वाटेवर.
पंख्यात नायलॉन गुंडाळलं. खोकली. गप्प झाली.
तेव्हा कळलं, बदकं केव्हाची ओरडून राहिली होती.

जाळं नवं होतं, बावीसशेचं.
मी पाच हजार पुढे केले.
त्यानं मोजून बावीसशे घेतले.
"जाळ्याचे द्या," म्हणाला, "तुमचे राहू द्या."
खांदा बरा झाला, हे वाक्य अजून दुखते.

तर ऐका. हळू व्हायचं ते वळणाआधी, वळणात नाही.
नाक मोकळं ठेवा.
थ्रॉटल उतरवायचा, आपटायचा नाही.
अंबाझरीत नेऊ नका, तिथं पोरं पायडल मारतात.
आणि पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय
मलासुद्धा एक रुपया देऊ नका.
रविवारी खिंडसीला या, फकिराला मी सांगून ठेवतो.
तो जाळं घेऊन बसेल. तुम्ही त्याला शिकवू नका.

चावी?
थांबा. आधी मनगट इकडं करा.