दोन चाळीस

पहिल्या रात्री चोर समजून काठी घेऊन गेलो.
दुसऱ्या रात्री केबलवाल्याला शिव्या घातल्या.
तिसऱ्या रात्री सुलभा म्हणाली, उठू नका,
त्याचा तो बंद होईल.
झाला नाही.
हॉलभर निळा उजेड, पालीला भिंतीएवढी सावली,
आणि पडद्यावर एक चौकोन
या कडेवरून त्या कडेवर आपटत फिरतोय:
सिग्नल नाही. सिग्नल नाही.

घणसोली गावठाण, तीन मजले, खाली भाडेकरू.
मधल्या मजल्यावर आम्ही दोघं आणि पंचावन्न इंच.
अन्वयनं बसवलं सगळं, पहिल्या जहाजावरून आल्यावर.
टीव्ही, ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर,
त्याचा तो गेम खेळायचा काळा डबा.
दुसऱ्या जहाजावर जाताना म्हणाला, बाबा,
आता एकच रिमोट पुरे.
एक उठला की सगळे उठतात.

कळव्याच्या सबस्टेशनात मी एकतीस वर्षं काढली.
लाइट गेली की लोक विचारतात, कधी येणार?
आम्ही विचारायचो, आधी कोण पडलं?
दहा रिले एकदम फ्लॅग टाकतात,
त्यातले नऊ शेजारी ओरडला म्हणून ओरडतात.
तेव्हा जुनी डायरी काढली. पट्टीनं रेघा मारल्या.

मंगळवार. सेट टॉप बॉक्स सोडवला. २.४०, चालू.
बुधवार. ॲम्प्लिफायर मधून काढला, डबा थेट टीव्हीला.
२.४१, चालू. आवाज नाही.
गुरुवार, शुक्रवार, काही नाही.
शनिवारी मी सुलभाला म्हणालो, बघ.
रविवारी ३.०५.

खालचा निनाद ऐरोलीहून रात्रपाळी करून येतो.
जिन्यात बूट काढता काढता म्हणाला,
काका, एचडीएमआयच्या वायरीतूनच
एकमेकांना हाका मारतात ते. सेटिंग असतं.
सुलभानं वरून ऐकलं.
म्हणाली, मग सांगा त्यांना, आपापलं बघा म्हणावं.

सोमवारी सगळ्या वायरी होत्या तशा लावल्या
आणि दिवा मालवून खुर्ची टाकून बसलो.
ड्यूटीवर बसायचो तसा, थर्मास घेऊन.
दोन अडतीसला
काळ्या डब्याचा नारिंगी ठिपका पांढरा झाला.
मग ॲम्प्लिफायरमध्ये टक्.
मग टीव्ही.
आणि कोपऱ्यात, चौकोन यायच्या आधी,
मोजून चार सेकंद, एक ओळ:
अन्वय फोनवरून जोडला जात आहे.

जोडला गेला नाही.
डबा पुन्हा झोपला.
बाकीचे दोघे तसेच जागे, कशासाठी ते माहीत नसलेले.

जहाज सँटोसच्या बाहेर नांगर टाकून आहे, बारा दिवस.
तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा.
कुठून तरी नेट मिळत असेल, थोडं, तुटक.
दर रविवारी फोनवर सांगतो, मजेत आहे, जेवण बरं आहे.

ते सेटिंग शोधायला दोन दुपारी गेल्या.
प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव ठेवलंय,
पोटात एकच.
टीव्हीवर बंद केलं. ॲम्प्लिफायरवर बंद केलं.
डब्यावर बोट गेलं होतं.
आता तीन रिमोट आहेत आणि सुलभा
बातम्या लावताना रोज एकदा मला हाक मारते.

रात्री आता काही उठत नाही.
मी उठतो.
पॅसेजचा दिवा लावत नाही, भिंतीला हात लावत जातो.
काल ठिपका पांढरा झाला आणि राहिला.
पडदा काळा, स्पीकर गप्प,
आणि डब्यातला पंखा बारीक फिरत होता,
कुणीतरी काहीतरी खेळत असल्यासारखा.
आतून सुलभानं विचारलं, आला का?
मी म्हटलं, हं.

डायरीत लिहिलं:
२.३८ चालू. २.४९ बंद.
फॉल्ट नाही.